भाजल्यावरची पहिली वीस मिनिटे: जखम ओळखणे आणि प्रथमोपचार

मराठीत भाजण्याला एकच शब्द नाही. गरम भांड्याला बोट लागले की चटका बसतो, उकळते पाणी सांडले की पोळते, ज्वाळेने भाजते आणि आगीत सापडलेला माणूस होरपळतो. डॉक्टरही थोड्याफार फरकाने हेच विचारतात की उष्णता कशातून आली, किती वेळ लागून राहिली आणि कातडीत किती खोल उतरली. जखम ओळखता यावी आणि योग्य तो उपचार ताबडतोब करता यावा, यासाठी हा लेख आहे. प्रथमोपचार नव्याने शिकणाऱ्यांना सहसा आधी भाजण्याचे प्रकार शिकवतात आणि मग उपचार. येथे तो क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. जखम पहिल्या दर्जाची आहे की दुसऱ्या, याचा निर्णय होईपर्यंत कातडीखाली उष्णतेचे काम चालूच असते, आणि उष्णतेने भाजलेल्या कोणत्याही जखमेसाठी पहिली कृती एकच आहे.

पहिली पायरी: उष्णतेपासून माणसाला सोडवा

मदतीला धावणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावे. आग, उघडी वीजवाहक तार किंवा सांडलेले रसायन समोर असताना विचार न करता पुढे झाले तर एकाऐवजी दोन रुग्ण होतात.

कपड्यांनी पेट घेतला की माणूस घाबरून धावू लागतो. धावल्याने ज्वाळांना वारा मिळतो आणि माणूस उभा असल्यामुळे त्या वर चढत चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. अशा माणसाला थांबवून जमिनीवर आडवे करावे, त्याला लोळवावे आणि जाड सुती चादर किंवा लोकरीचे ब्लँकेट टाकून आग विझवावी. पाणी जवळ असेल तर ते ओतावे. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कापड मात्र वापरू नये, कारण ते वितळून कातडीला चिकटते आणि एका जखमेत दुसरीची भर पडते.

तेलाच्या बाबतीत अनेकांचा गोंधळ होतो. भांड्यातल्या तेलाने पेट घेतला असेल तर त्यात पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते. अशा वेळी आच बंद करून भांड्यावर झाकण सरकवावे. पण तेच गरम तेल हातावर उडाले असेल, तर हात नळाखाली धरण्यात कसलाही धोका नाही, उलट तेच करायचे असते.

गरम द्रवाने भिजलेले कपडे उष्णता धरून ठेवतात, म्हणून ते लगेच उतरवावेत. लहान मुलाच्या अंगावर गरम पाणी सांडले असेल तर लंगोट किंवा डायपर काढायला विसरू नये, कारण त्यात पाणी शोषले जाऊन बराच वेळ गरम राहते. जे कापड कातडीला चिकटले आहे ते मात्र ओढू नये. त्याच्या भोवतीचे कापड कात्रीने कापून काढावे आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्यावा. डांबर किंवा वितळलेले प्लॅस्टिक अंगावर पडले असेल तरी हाच नियम: पाण्याने थंड करावे, सोलू नये.

दुसरी पायरी: पाणी, आणि समोर घड्याळ

भाजलेला भाग नळाच्या थंड, वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावा. या लेखातले बाकी सगळे विसरले तरी चालेल, एवढे एक वाक्य लक्षात ठेवावे.

गरम वस्तू बाजूला झाली म्हणून भाजणे थांबत नाही. कातडीत शिरलेली उष्णता आणखी काही काळ आतल्या थरांना इजा करत राहते. ब्रिटिश शल्यविशारद डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जखमेचे तीन भाग मांडले, आणि त्यांची ती मांडणी आजही शिकवली जाते. मध्यभागी पूर्ण मेलेल्या पेशी असतात, त्यांना परत आणता येत नाही. सर्वांत बाहेर केवळ लालसर झालेला भाग असतो, तो आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मध्ये जो पट्टा असतो, त्यातला रक्तप्रवाह मंदावलेला असतो आणि तो जगेल की मरेल हे ठरायचे असते. प्रथमोपचार करणाऱ्याची सगळी धडपड या मधल्या पट्ट्यासाठी आहे. वेळेवर मिळालेले पाणी हा पट्टा वाचवू शकते. दुर्लक्ष, जंतुसंसर्ग किंवा शरीरातले पाणी कमी होणे त्याला मध्यभागाच्या वाटेने नेते.

वीस मिनिटे हा काळ ऐकताना छोटा वाटतो, नळाखाली उभे राहिल्यावर फार मोठा वाटतो. भांड्याचे झाकण उचलताना एकदा माझ्या मनगटावर वाफ आली. पाण्याखाली हात धरला, तीन-चार मिनिटांत आग पूर्ण थांबली, मी हात पुसून कामाला लागलो आणि दहा मिनिटांत तीच आग पुन्हा भडकली. पाणी असताना दुखत नाही याचा अर्थ पाण्याचे काम संपले असा नसतो, म्हणून अंदाजाने नव्हे तर घड्याळ पाहून वेळ मोजावा. घटना घडून गेल्यावर काही कारणाने पाणी लगेच मिळाले नाही, तरीही ३ तासांच्या आत ते वापरण्याचा उपयोग होतो. ‘आता उशीर झाला’ म्हणून सोडून देऊ नये.

पाणी थंड हवे, बर्फासारखे गार नको. बर्फ लावल्याने रक्तवाहिन्या आकसतात, ज्या पट्ट्याला रक्ताची गरज आहे त्याचेच रक्त तुटते, आणि बर्फाने कातडी वेगळ्या तऱ्हेने जळते. नळाची धारही जोरात नको. शक्यतो ती जखमेच्या थोडी वर पडून जखमेवरून हळू वाहत जावी. वाहते पाणी नसेल तर मोठ्या पातेल्यात हात बुडवून ठेवावा किंवा ओले स्वच्छ कापड ठेवून ते दर एक-दोन मिनिटांनी बदलावे, कारण कापड अंगाच्या उष्णतेने लवकर कोमट होते.

येथे एक सावधगिरी आहे. थंड करायचे ते जखमेला, माणसाला नव्हे. तान्ही बाळे, वृद्ध आणि मोठ्या भागावर भाजलेले रुग्ण यांच्या शरीराचे तापमान पाहता पाहता उतरते. शरीराचा उरलेला भाग कोरड्या ब्लँकेटने झाकून ठेवावा आणि रुग्णाला हुडहुडी भरली तर पाणी थांबवावे.

पाणी चालू असतानाच दुसऱ्या हाताने करण्याचे एक काम आहे. भाजलेल्या हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ, पायातले पैंजण किंवा घट्ट बूट काढून घ्यावेत. अंगठी पहिल्या पाच मिनिटांत साबणाच्या पाण्याने सहज निघते. अर्ध्या तासाने बोट फुगून अंगठीच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या वळ्या येतात, बोटाचे टोक निळसर दिसू लागते, आणि मग ती कापण्यावाचून पर्याय राहत नाही. सूज आल्यावर धावपळ करण्यापेक्षा सूज येण्याआधीचे हे अर्धे मिनिट फार मोलाचे आहे.

टूथपेस्ट, तेल, लोणी, शाई, पीठ, अंड्याचा बलक यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. तेलकट थर आतली उष्णता बाहेर पडू देत नाही, टूथपेस्टने कातडीची जळजळ वाढते, या कशातच निर्जंतुकपणा नसतो, आणि रुग्णालयात हा लेप खरवडून काढताना रुग्णाला पुन्हा एकदा त्या वेदनेतून जावे लागते. घरात असलेले पांढरे जळजळीचे मलमही डॉक्टरांनी जखम पाहण्याआधी फासू नये, कारण त्याच्या थराखाली जखमेचा खरा रंग दिसत नाही.

तिसरी पायरी: जखम किती खोल आहे ते पाहा

पाणी देऊन झाल्यावर, चांगल्या उजेडात, जखमेकडे शांतपणे पाहावे. पाहायच्या गोष्टी चार आहेत: रंग, ओलेपणा, फोड आणि वेदना. यांतली वेदना सर्वांत फसवी आहे, आणि नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक तिथेच होते.

कातडीचे दोन थर असतात. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्याखाली अंतस्त्वचा असते, जिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी असतात. त्याखाली चरबी आणि मग स्नायू. भाजण्याचा दर्जा म्हणजे उष्णता या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत उतरली याचे माप होय.

फक्त बाह्यत्वचा भाजली असेल तर कातडी लाल, कोरडी आणि दुखरी होते, पण फोड येत नाहीत. उन्हाने अंग भाजते ते बहुधा याच प्रकारातले. ही पहिल्या दर्जाची जखम साधारण आठवड्यात बरी होते, वरची कातडी सोलून जाते आणि मागे व्रण राहत नाही.

अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत उष्णता पोहोचली की फोड येतात. फोड फुटलेला असेल तर खालची कातडी गुलाबी, ओलसर आणि चकचकीत दिसते, आणि नुसता वारा लागला तरी असह्य दुखते. या जागेच्या कडेला, फोड नसलेल्या ठिकाणी, स्वच्छ धुतलेल्या बोटाने हलके दाबून सोडले तर तो भाग क्षणभर पांढरा पडतो आणि लगेच पुन्हा गुलाबी होतो. रंग परत येणे म्हणजे तिथले रक्त वाहते आहे, आणि ही आशादायक खूण आहे. अशी जखम सहसा २ ते ३ आठवड्यांत भरून येते.

त्याहून खोल, म्हणजे अंतस्त्वचेच्या खालच्या भागापर्यंत भाजले असेल तर रंग एकसारखा राहत नाही. कुठे गडद लाल, कुठे पांढुरके असे डाग दिसतात. दाबल्यावर रंग फार सावकाश बदलतो किंवा बदलतच नाही. येथे वेदना आधीच्या प्रकारापेक्षा कमी असते, कारण मज्जातंतूंनाच इजा झालेली असते. भरून यायला ३ आठवड्यांहून जास्त लागतात, व्रण जवळपास निश्चित राहतो आणि अनेकदा त्वचारोपण करावे लागते. फोड असलेल्या या दोन्ही जखमांना बोलताना ‘दुसरा दर्जा’ म्हणतात, पण त्यांच्या परिणामांत मोठी तफावत आहे.

तिसऱ्या दर्जात कातडीची पूर्ण जाडी जळते. ती मेणासारखी पांढरी, तपकिरी किंवा कोळशासारखी काळी दिसते, हाताला चामड्यासारखी कडक लागते, आणि स्पर्श केला तरी रुग्णाला कळत नाही. ‘मला काही दुखत नाही’ असे सांगणारा रुग्ण पाहून नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो, पण नेमका हाच रुग्ण आधी रुग्णालयात पोहोचायला हवा. अशा जखमेच्या कडेला सहसा कमी खोलीचा भाग असतो आणि तो दुखत असतो, त्यामुळे कडेला वेदना आणि मध्यभागी बधिरता हे चित्र दिसले तरी खोल जखमच समजावी. उष्णता स्नायूंपर्यंत किंवा हाडापर्यंत गेली तर त्याला चौथा दर्जा म्हणतात.

लाल रंगाचे हे वर्णन गोऱ्या कातडीवर पटकन दिसते. सावळ्या किंवा गडद कातडीवर पहिल्या दर्जाची लाली डोळ्यांना कळतही नाही, ती तपकिरी किंवा जांभळट छटेत लपते. अशा वेळी भाजलेल्या भागाची दुसऱ्या बाजूच्या त्याच भागाशी तुलना करावी, हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब जाणवते का ते पाहावे आणि सूज तपासावी.

पहिल्या दिवशी केलेले निदान पक्के समजू नये. मधल्या पट्ट्याचे भवितव्य ठरायला २ ते ३ दिवस लागतात, त्यामुळे आज गुलाबी दिसणारी जखम परवा पांढुरकी दिसू शकते. अनुभवी शल्यविशारदही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखम पुन्हा पाहतात ते याच कारणाने.

खोलीचा अंदाज बांधताना घटना कशी घडली याचाही उपयोग होतो. ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्याने भाजायला कित्येक तास लागतात, पण ६० अंशाच्या पाण्याने प्रौढ माणसाला गंभीर भाजायला सुमारे ५ सेकंद पुरतात, आणि ७० अंशाला अवघा १ सेकंद. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ असल्यामुळे त्यांना याहूनही कमी वेळ लागतो. तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि घट्ट असल्यामुळे अंगाला चिकटून राहते, म्हणून तेलाची जखम दिसते त्यापेक्षा खोल निघते. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या माणसाला गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी ते सकाळी पाय पाहिल्यावरच कळते, आणि तोवर उष्णता रात्रभर लागलेली असते.

चौथी पायरी: किती भाग भाजला ते मोजा

रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसह म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. मोजणाऱ्याचा तळवा नव्हे; चार वर्षांच्या मुलाची जखम मोठ्या माणसाच्या हाताने मोजली तर हिशेब साफ चुकतो. विखुरलेल्या छोट्या जखमांसाठी हे माप उत्तम आहे.

मोठ्या जखमांसाठी १९५१ मध्ये प्लॅस्टिक सर्जन वॉलेस यांनी प्रसिद्ध केलेला नवाचा नियम वापरतात. प्रौढ माणसात डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, छाती व पोट मिळून १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियांचा भाग १ टक्का. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे त्यात डोके १८ आणि प्रत्येक पाय सुमारे १४ टक्के धरतात. हा हिशेब करताना नुसती लाल झालेली, फोड नसलेली कातडी मोजायची नसते. नवखे लोक ती मोजतात आणि आकडा दुप्पट सांगतात.

टक्केवारीला इतके महत्त्व अशासाठी, की भाजलेल्या कातडीतून शरीरातला द्रव झिरपत राहतो. प्रौढ माणसात साधारण १५ टक्क्यांपुढे आणि मुलांत १० टक्क्यांपुढे रक्तदाब कोसळण्याचा धोका निर्माण होतो आणि शिरेतून सलाईन द्यावे लागते. अस्वस्थपणा, फिकट व घामाने थंड झालेले अंग, जलद नाडी आणि तहान ही त्याची सुरुवातीची चिन्हे आहेत.

पाचवी पायरी: घरी की रुग्णालयात

पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट असली तरी रुग्णालय गाठावे. फोड आलेला भाग रुग्णाच्या तळव्यापेक्षा मोठा आहे. जखम पांढरी, तपकिरी, काळी किंवा बधिर आहे. ती चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, जननेंद्रिय किंवा सांध्यावर आहे. रुग्ण तान्हे बाळ, वृद्ध, गरोदर स्त्री किंवा मधुमेहासारखा आजार असलेला आहे. भाजण्याचे कारण वीज किंवा रसायन आहे. किंवा रुग्ण बंद खोलीतल्या धुरात सापडला होता. प्रौढात १० टक्के आणि मुलात ५ टक्के भाग भाजला असेल तर भाजलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग असलेल्या रुग्णालयात नेणे चांगले.

हाताला किंवा पायाला चहूबाजूंनी बांगडीसारखे भाजले असेल, तर जागा लहान असली तरी ती निकडीची समजावी. जळलेली कातडी ताणली जात नाही, आतली सूज मात्र वाढत जाते, आणि त्या कचाट्यात रक्तपुरवठा अडतो. छातीभोवती असे झाले तर श्वास घेणेच कठीण होते.

मुलाच्या अंगावरील जखमेचा आकार आणि सांगितलेली हकीकत जुळत नसेल, उदाहरणार्थ दोन्ही पावलांवर मोज्यासारखी सरळ रेषेत कापलेली कड दिसत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. चुकून सांडलेल्या पाण्याचे शिंतोडे उडतात, अशी नेटकी कड उमटत नाही.

सहावी पायरी: झाकणे आणि नेणे

झाकण्याआधी मोबाइलवर जखमेचा एक स्पष्ट फोटो घ्यावा. दर वेळी पट्टी उघडून नव्या डॉक्टरांना दाखवण्याचा त्रास त्यामुळे वाचतो, आणि उघडण्यागणिक वाढणारा जंतुसंसर्गाचा धोकाही.

झाकण्यासाठी अन्न गुंडाळण्याची पातळ पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म उत्तम आहे. गुंडाळीचे पहिले दोन वेढे टाकून द्यावेत आणि आतला स्वच्छ भाग वापरावा. ही फिल्म जखमेवर लांबीच्या दिशेने नुसती पसरावी, हातापायाभोवती गुंडाळू नये, कारण सूज आल्यावर तीच फास होते. हाताचा पंजा भाजला असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवून मनगटाशी सैल ठेवावी. फिल्म नसेल तर धुतलेले, न धागे सुटणारे सुती कापड चालते. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत रुततात. चेहऱ्यावर आणि रसायनाने भाजलेल्या जागी फिल्म वापरू नये.

भाजलेला हात किंवा पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवल्याने सूज कमी राहते. गंभीर भाजलेल्या माणसाला खायला-प्यायला देऊ नये, कारण त्याला लवकरच भूल द्यावी लागू शकते. साध्या जखमेच्या वेदनेसाठी वयानुसार योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालते. १६ वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

रसायन, वीज आणि धूर

रसायनाने भाजले असेल तर २० मिनिटांवर थांबू नये, पाणी त्याहून बराच जास्त वेळ चालू ठेवावे. त्याआधी दूषित कपडे काढावेत, आणि रसायन कोरडी भुकटी असेल, उदाहरणार्थ चुनकळी, तर ती आधी झटकून टाकावी, कारण पाणी लागताच ती तापते. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि वाहून जाणारे पाणी रुग्णाच्या चांगल्या कातडीवर किंवा स्वतःच्या पायांवर येणार नाही असे पाहावे. आम्ल सांडले म्हणून त्यावर अल्क (आम्लारी) ओतणे म्हणजे शब्दशः आगीतून फुफाट्यात, कारण त्या दोहोंच्या अभिक्रियेतून पुन्हा उष्णताच बाहेर पडते. आम्लापेक्षा अल्काची भीती जास्त बाळगावी. ते पेशी विरघळवत खोल उतरत जाते. ओले सिमेंट अल्कधर्मी असते, आणि बुटात शिरलेल्या सिमेंटने झालेली जखम कित्येकदा संध्याकाळी बूट काढल्यावरच लक्षात येते. डोळ्यात रसायन गेले असेल तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके वळवावे, पापण्या उघड्या धरून पाणी सोडावे आणि कॉन्टॅक्ट लेन्स निघत असेल तर काढावी. रसायनाच्या बाटलीवरचे लेबल डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावे.

विजेच्या धक्क्यात बाहेरची जखम पाहून काहीच समजत नाही. वीज शिरली तिथे एक छोटा काळा डाग आणि बाहेर पडली तिथे दुसरा, एवढेच दिसते. मधल्या वाटेवरचे स्नायू मात्र आतून भाजलेले असतात. आधी मुख्य स्विच बंद करावा, त्याशिवाय रुग्णाला हात लावू नये. उच्च दाबाच्या तारेच्या आसपास तर वीजपुरवठा बंद झाल्याची अधिकृत खात्री होईपर्यंत फिरकूही नये. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल तर रुग्णवाहिका बोलावून छाती दाबण्याची प्रक्रिया लगेच सुरू करावी. जखमेचे नंतर पाहता येते. हृदयाचे ठोके बिघडण्याची शक्यता असल्याने बरा दिसणारा रुग्णही तपासून घ्यावा. लघवी गडद तपकिरी होऊ लागली तर ते स्नायू नष्ट होत असल्याचे आणि मूत्रपिंडांवर ताण आल्याचे चिन्ह आहे. वीज कोसळलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार उरत नाही, त्याला निर्धास्तपणे स्पर्श करून मदत करता येते.

बंद जागेतल्या आगीतून बाहेर आलेल्या माणसाचे अंग भाजलेले नसले तरी त्याचे तोंड आणि नाक पाहावे. नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा किंवा श्वास घेताना घरघर, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर श्वासनलिका आतून सुजू लागली आहे असे समजावे. आता नीट बोलणारा माणूस काही तासांत श्वासासाठी धडपडू शकतो. त्याला बसते ठेवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर अशा वेळी भरवसा ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि ऑक्सिजनयुक्त रक्त यांतला फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही आणि ते आकडा चांगला दाखवते.

घरी सांभाळता येणारी जखम

लहान, उथळ आणि नाजूक जागी नसलेली जखम घरी बरी होते. फोड फोडू नयेत. त्यातले पाणी आणि वरची कातडी हे सर्वांत चांगले आवरण आहे. फोड आपोआप फुटला तर सौम्य साबणाने व पाण्याने धुऊन, न चिकटणारी पट्टी ठेवून वरून सैल बँडेज बांधावे. पट्टी चिकटली असेल तर ओढण्याआधी ती पाण्याने पूर्ण भिजवावी. बोटे भाजली असतील तर प्रत्येक बोटाची पट्टी वेगळी असावी, आणि वेदना सोसेल तेवढी बोटे हलवत राहावे. फोड नसलेल्या लाल कातडीवर थंड केल्यानंतर साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनसुगंधी मॉइश्चरायझर पुरते. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

रोज पट्टी बदलताना कडेची लाली पसरते आहे का, पू किंवा दुर्गंधी येते आहे का, दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढते आहे का, हे पाहावे. लहान मुलाला जखम अगदी छोटी असली तरी पुढच्या काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले आणि ते मलूल दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. जंतूंच्या विषामुळे होणारा हा आजार छोट्या जखमेतूनही होतो आणि फार वेगाने बळावतो. दोन आठवड्यांत जखम भरत आली नाही, तर ती आपल्या अंदाजापेक्षा खोल होती असे मानून डॉक्टरांना दाखवावी.

नव्या कातडीला तेलग्रंथी आणि घामग्रंथी कमी असल्यामुळे ती कोरडी पडते आणि खाजते. दिवसातून दोन-तीन वेळा मॉइश्चरायझर लावून हलके चोळल्याने खाज आटोक्यात राहते. सुमारे वर्षभर तिला थेट उन्हापासून जपावे, अन्यथा तिच्यावर काळपट डाग कायमचा बसतो. सांध्यावरचा व्रण महिनोन्महिने आकसत राहतो, म्हणून कोपर, गुडघा किंवा बोटे पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम जखम भरल्यावरही चालू ठेवावा लागतो, आणि व्रण उंच, कडक होऊ लागला तर डॉक्टर दाब देणारे घट्ट कपडे किंवा सिलिकॉनची पट्टी वापरायला सांगतात.